बाटली चौदा, बाटली पंधरा

२ मार्च, शनिवार

आज दवाखान्यातून आलेलं सामान — गोळ्यांच्या बाटल्या दोन, प्रत्येकी शंभर गोळ्या. काचेचा वजनकाटा एक. रक्तदाब मोजायचं यंत्र एक. पाण्याचं मापाचं भांडं एक, दीड लिटरवर लाल रेघ. छापील तक्ते दोन. किंमत — काही नाही. सगळं फुकट. गाडीभाडं आपलं, पण पावती दाखवली तर तेही परत देतील. पावती जपून ठेवली आहे.

फुकट म्हटलं की मला धास्तीच वाटते. सिस्टरांना तीनदा विचारलं, "नंतर मागणार नाही ना?" त्या हसल्या. "काकू, उलट आम्हीच तुमचे आभारी."

यांचं हृदय थकलंय आणि वन्संचंही. दोघा बहीण-भावांना एकच दुखणं. अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, चार पावलं चाललं की धाप. झोपताना पाठीशी तीन-तीन उशा. हे चाळीस वर्षं शिडीवर उभं राहून दुकानांच्या पाट्या रंगवत आले, आणि आता आमच्या जिन्याच्या बेचाळीस पायऱ्या चढताना तीनदा टेकतात. वन्सं यांच्याहून तीन वर्षांनी मोठ्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. यजमान गेल्यापासून आमच्याकडेच, मागच्या खोलीत.

नवी गोळी निघाली आहे, तिची पारख चालली आहे. जुनी औषधं चालूच, ही रोज सकाळी एक जास्तीची. मात्र निम्म्या लोकांना औषधाची गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कोणाला कोणती ते सिस्टरांनाही ठाऊक नाही, मोठ्या डॉक्टरांनाही नाही. बाटलीवर फक्त नंबर. वन्संची चौदा, यांची पंधरा. पारख वर्षभर.

"म्हणजे सोडतच आहे," हे म्हणाले.

"तुला जन्मात कधी सोडतीत काही लागलंय का, बाळ्या?" — वन्सं.

"तू लागलीस की."

३ मार्च, रविवार

पहिली गोळी दिली. त्याआधी दोन्ही बाटल्यांवर हात ठेवून देवाचं नाव घेतलं. दोन्हींवर सारखंच. नवऱ्याच्या बाटलीवर जास्त वेळ नको, वन्संच्या बाटलीवर कमी नको.

गोळ्या मीच दोघांच्या हातावर ठेवणार. यांच्यावर सोडलं तर दोन दिवसांची एकदम घेतील आणि वन्संवर सोडलं तर चर्चाच करत बसतील.

वजनं — वन्सं ६१.८, हे ७२.६. वन्सं काट्यावर चढण्याआधी चष्मा काढतात, तेवढंच वजन कमी म्हणून. मग आकडा दिसत नाही. मग मला वाचायला लावतात, आणि मी वाचला की म्हणतात, तुला नीट दिसलं नसेल.

१० मार्च

दवाखान्याचा तक्ता फारच अरुंद. त्यात वजन आणि रक्तदाब एवढंच मावतं. मी जुन्या वहीत वेगळे रकाने पाडले — वजन, पाय, उशा, जिना. जिन्याच्या रकान्यात किती वेळा टेकले ते लिहायचं. यांचे तीन. वन्सं एरवी जिना उतरतच नाहीत, म्हणून त्यांच्या रकान्यात मागच्या खोलीपासून गॅलरीपर्यंतच्या फेऱ्या.

हे वही उलटसुलट करून म्हणाले, "लग्नाआधी अशी वही दाखवली असतीस तर मी विचार केला असता."

मी म्हटलं, "तेव्हा तुम्ही न टेकता चढायचात. लिहायचं काय?"

१९ मार्च

वन्संच्या पायांची सूज उतरली. जुन्या चपला पुन्हा बसल्या. नव्या घ्यायच्या होत्या, त्या आता नकोत. देव पावला.

३१ मार्च, रविवार

जेवण अळणी. त्यावरून रोजचं गाऱ्हाणं. आज हे सूप पिऊन म्हणाले, "यापेक्षा माझा ब्रश धुतलेलं पाणी चवदार असायचं." वन्संनी लगेच विचारलं, "ते कधी प्यायलास?" मग दोघं इतके हसले की दोघांनाही धाप लागली आणि मला दोघांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला, एक इकडे, एक तिकडे.

संध्याकाळी यांच्या शर्टाच्या खिशात मिठाची पुडी सापडली. पुडीतलं मीठ काढून पिठीसाखर भरली.

१ एप्रिल

पिठीसाखर चालली. तोंडातून चकार शब्द नाही, पण भात अर्धाच खाल्ला.

१४ एप्रिल, रविवार

वन्सं ५९.४. उशा तीनाच्या दोन. फेऱ्या सहाच्या अकरा. हे ७२.४. उशा तीन, जिना तीनदा. सहा आठवडे झाले, हे आहेत तिथेच आहेत.

वन्सं आज गॅलरीत उभ्या राहून खालच्या वाण्याशी गप्पा मारत होत्या. एक्स्चेंजमधला आवाज पुन्हा आला त्यांना. "वाणीदादा, तुमची पाटी पार पुसली. 'किराणा'मधला 'रा' कुठे गेला?" वाणी खालून ओरडला, "तुमच्या भावाला पाठवा, शोधून देतील."

हे आत ऐकत होते. नुसतंच "हं" म्हणाले. दर पाचेक वर्षांनी ती पाटी यांनीच रंगवली आहे.

२१ एप्रिल, रविवार

आज सुट्टीचं मोठं काम काढलं — औषधांचं कपाट. कपाट आहे हातभर आणि सामान भरलंय खोलीभर. मुदत संपलेलं खोकल्याचं औषध टाकलं. मलमाच्या दोन ट्यूब पिळून एक केली. नव्या गोळ्यांच्या बाटल्या मोजल्या — पन्नास आणि पन्नास. दोन अर्ध्या बाटल्यांनी कशाला जागा अडवायची? एकीच्या आत दुसरी ओतली. शंभर बरोबर मावल्या. रिकामी बाटली रुंद तोंडाची, छान आहे. लेबल गरम पाण्यात भिजवून काढलं आणि तिच्यात बटणं भरली. बटणं किती दिवस फुटक्या वाटीत होती.

कपाटात आता हात घालता येतो. मनाला बरं वाटलं.

५ मे, रविवार

जिना — दोनदाच टेकले! मी मागे पिशवी घेऊन होते. पहिल्या मजल्यावर थांबायची जागा आली तर हे पुढेच. मला वाटलं विसरले. काही बोलले नाही, नजर लागेल म्हणून. वहीत मात्र ठळक लिहिलं.

१२ मे, रविवार

एकदाच. हे ७१.५.

यांना विचारलं, "कसं वाटतंय?" म्हणाले, "छातीवर कोणीतरी बसलं होतं, ते उठून शेजारी बसलंय."

वन्सं ५९.९. थोडं वाढलं. "उकाडा आहे, पाणी जास्त पोटात जातं," त्या म्हणाल्या. मापाचं भांडं बघितलं, दीडच लिटर.

१९ मे

हे ७१.१. वन्सं ६०.२. फेऱ्या नऊ.

२३ मे, गुरुवार

दुपारी सिस्टरांचा फोन. शनिवारी, एक जूनला, दोघांनी तपासणीला यायचं. "काकू, उरलेल्या गोळ्या बाटल्यांसकट आणा. आम्ही मोजून घेतो. आणि दोन बाटल्या घरात शेजारी-शेजारी आहेत ना? गोळ्या चुकूनसुद्धा एकमेकींत जाऊ देऊ नका."

मी "हो" म्हटलं. फोन ठेवला. मग खुर्चीवर बसले ती बसलेच.

निम्म्यांना औषध, निम्म्यांना नाही. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी स्वतःच्या हाताने इथे लिहिलंय, वर आहे. आणि तरी बाटल्या ओतताना एकदाही मनात आलं नाही. दोन अर्धे डबे दिसले की माझा हात आपोआप चालतो. डाळ असो की गोळी.

जुनी वही काढली. एकवीस एप्रिलवर बोट ठेवलं. त्याच्या वर वन्संचं वजन उतरतंय, यांचं हलत नाही. त्याच्या खाली यांचं उतरतंय, वन्संचं चढतंय. दहावीला गणितात मला चौऱ्याहत्तर होते. एवढं कळायला तेवढेही नको होते.

औषध वन्संच्या बाटलीत होतं. यांच्या बाटलीत नव्हतं. मी वन्संचं निम्मं काढून यांना दिलं, महिनाभर, रोज सकाळी, देवाचं नाव घेऊन.

२४ मे

सकाळच्या गोळ्या देण्याआधी उरलेल्या मोजल्या. छत्तीस. बटणं काढून बाटली पुसली आणि तिच्यात अठरा परत टाकल्या तर दोन्हीकडे अठरा-अठरा. असायला हव्यात तेवढ्याच. लेबल निघालं, घाम लागला म्हणायचं. कोणाला काही कळणार नाही.

हिशेब तंतोतंत जुळतो आणि साफ खोटा आहे. देवापुढे बसले, पण मागू काय तेच कळेना. यांच्यासाठी मागावं तर वन्संचं जातं.

२६ मे, रविवार

आज हे एकदाही न टेकता वर आले. बेचाळीस. दारात उभे राहून धापा टाकत हसत होते. म्हणाले, "वाण्याला सांगून आलोय. पाटी खाली उतरवून दे, ओट्यावर बसून रंगवतो. जमलं तर पुढची शिडीवरून." रंगाचे जुने डबे काढले. सगळे सुकलेले. तरी एकेक उघडून वास घेत होते.

वन्संनी विचारलं, "पैसे किती घेणार?"

"'रा'चे वेगळे."

मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी घासली. घासलेलीच होती.

२८ मे, मंगळवार

आज वन्संना सांगितलं. हे वाण्याकडे गेले होते. मागच्या खोलीचं दार लोटलं, वही उघडून पुढे ठेवली आणि म्हटलं, "वन्सं, मी तुमच्या ताटातलं काढून यांच्या ताटात वाढलं. महिना झाला."

त्यांनी चष्मा लावला. रकान्यांवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता वीज पडणार. मग म्हणाल्या, "अगं, तुझा पाचाचा आकडा दोनासारखा का दिसतो?"

"वन्सं, मी काय म्हणतेय?"

"ऐकलं. चाळीस वर्षं ऐकायचंच काम केलंय." मग वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. "बाळ्याला सांगू नकोस. आपल्या बाटलीत काही नव्हतं हे कळलं तर उद्यापासून गोळीच सोडेल, आणि तोंड पाडून बसेल ते वेगळं. दवाखान्यात मात्र सांग. तुझ्याच्याने खोटं बोलवणार नाही. तू खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात."

मी रडले थोडी. त्यांनी पदर दिला पुसायला, मग म्हणाल्या, "हा धुतलेला आहे, तुझा घे."

१ जून, शनिवार

दवाखान्यात सांगितलं. हे आणि वन्सं आत तपासणीला गेले होते तेव्हा. सिस्टरांनी कपाळावर हात मारला. मोठे डॉक्टर आले. उंच, थकलेले, शर्टाला शाईचा डाग. माझी वही त्यांनी पहिल्या पानापासून वाचली. जिन्याच्या रकान्याशी थांबले. "हे कोणी सांगितलं लिहायला?"

"कोणी नाही. तक्ता अरुंद होता."

माझा अंदाज खरा का, ते बोलले नाहीत. हो नाही, नाही नाही. त्यांना स्वतःलाच माहीत नाही म्हणाले. नंबरांची यादी दुसरीकडे कुलपात असते. म्हणाले, "बाई, एका घरातले दोघं घेतले, ही आमची चूक. बाटल्या ओतल्यात, ही तुमची. दोन्ही कागदावर लिहितो. तुम्ही सांगितलं नसतंत तर या दोघांचे आकडे खरे धरून पुढे हजारो लोकांना गोळी दिली गेली असती, किंवा नाकारली गेली असती."

दोघांना काढून टाकलं नाही. नव्या बाटल्या दिल्या. नंबर तेच, चौदा आणि पंधरा. दोन वेगळ्या कपाटांत ठेवायच्या. अंदाज घरात कोणाला बोलायचा नाही. मी मान डोलावली, पण वन्संना आधीच सांगून बसले होते, तेही सांगितलं. सिस्टरांनी दुसऱ्यांदा कपाळावर हात मारला. पुढे काही कळवायचं असेल तर लेखी, टपालाने, म्हणाल्या. फोनवरचं कागदाला लावता येत नाही.

यांना एवढंच सांगितलं की बाटल्या मिसळल्या होत्या. हे खो-खो हसले. "आमच्या घरात बटणं आणि औषधं एकाच मापाने मोजतात, डॉक्टर."

२ जून, रविवार

चौदा मागच्या खोलीत, पंधरा स्वयंपाकघरात. दोन्हींवर हात ठेवला. यांच्या बाटलीवर हात ठेवताना काय म्हणावं ते कळेना. तरी नाव घेतलंच.

१२ जून

जिना — एकदा.

१६ जून, रविवार

दोनदा. हे ७१.९. वाण्याची पाटी अर्धी झाली आहे. 'किरा' झालंय, 'णा' राहिलाय. आज गेले नाहीत, म्हणाले रंग वाळायचाय. कालच वाळला होता.

वन्सं ५९.८. उतरतंय. ते पाहून आनंद होतो आणि त्याच आनंदाची लाज वाटते. खरं बोलले त्याचं हे फळ, आणि ते यांनी खायचं.

१८ जून, मंगळवार

वन्सं म्हणाल्या, "सकाळी तुझी धांदल होते. चहा, दूध, वजनं. उद्यापासून गोळ्या मी देते दोघांच्या. घड्याळाशी माझं चांगलं जमतं, तुझं नाही." खरंच हायसं वाटलं. यांच्या हातावर ती गोळी ठेवताना माझा हात जड व्हायला लागला होता.

३० जून, रविवार

हे न टेकता वर आले. 'किराणा' पूर्ण. पाटी टांगताना वाण्याची शिडी यांनी स्वतः धरली, चढायला मात्र वाण्यालाच लावलं. सगळी गल्ली बघत होती. वाणी वरून म्हणाला, "सरळ आहे का?" हे म्हणाले, "पाटी सरळ आहे, तू वाकडा आहेस."

आनंदच आनंद. मग माझा अंदाज चुकीचाच असला पाहिजे. यांच्या बाटलीतही औषध असणार. मोठ्या डॉक्टरांनी हो म्हटलं नाही ते बरंच झालं. देवाचे आभार मानले, आणि गणिताचे चौऱ्याहत्तर परत केले.

४ जुलै, गुरुवार

वन्सं ६१.२. उशा तीन. पावलं चपलेत जात नाहीत. "काटा म्हातारा झालाय," म्हणाल्या. काट्यावर मी उभी राहिले. काटा ठणठणीत आहे.

हे ७०.८.

उद्या सकाळी मी चहा आधीच करून ठेवणार आहे आणि दाराआड उभी राहणार आहे.

५ जुलै, शुक्रवार

मोठ्या डॉक्टरांना आज रजिस्टरने पाठवलेल्या पत्राची नक्कल —

स. न. वि. वि. गोळ्यांची अदलाबदल पुन्हा झाली आहे. या वेळी मी केलेली नाही. एकोणीस जूनपासून माझ्या नणंदबाई चौदा नंबरची गोळी भावाला देतात आणि पंधरा नंबरची स्वतः घेतात. आज मी डोळ्यांनी पाहिलं. विचारलं तर म्हणाल्या, "तू नकळत निम्मं-निम्मं केलंस, मी नीट केलं. मला कुठे जायचंय? त्याला शिडी चढायचीय." वर शपथ घातली की कोणाला सांगू नकोस. ती शपथ मी मोडते आहे, देव बघून घेईल. यांना यातलं काही ठाऊक नाही. आजपासून दोन्ही बाटल्या माझ्याजवळ कुलपात आहेत आणि वन्संना त्यांची गोळी मी समोर उभी राहून देते. पंधरा नंबरचं काय आहे ते कुलपातल्या यादीत पाहावं. आत खरंच काही नसेल तर यांना या पारखेतून मोकळं करावं आणि दुसरं जे औषध असेल ते लिहून द्यावं. महाग असलं तरी चालेल. भावाला त्याचं स्वतःचं मिळाल्याशिवाय ही बाई आपलं घेणार नाही, आणि मी रोज दाराआड उभी राहू शकत नाही. काय ठरतं ते उलटटपाली कळवावे.